पाना, पेन्सिल आणि लक्ष्मणराव

किर्लोस्कर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय येतं? पंप! घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांच्या पंपरूममध्ये डोकावा किंवा सुट्टीत गावी गेल्यावर विहिरीवर जा, हे नाव कुठे ना कुठे दिसतंच. पण या नावाचा धंदा सुरू झाला तो सायकलच्या दुकानातून. बेळगावात, १८८८ साली.

मला हे सायकलमुळेच कळलं. हॉस्टेलच्या मुलांच्या सायकली चालू ठेवण्याचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे (कुणी नेमणूक केलेली नाही, आपोआप गळ्यात पडलंय!). आपल्याकडे सायकल दुरुस्तीची सुरुवात कुणी केली असेल, हे शोधता शोधता मी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांपर्यंत पोचलो. मग त्यांचं आयुष्य वाचताना सारखं वाटत राहिलं की हे आपल्या मासिकात यायलाच हवं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं लक्ष मात्र पुस्तकात कधी लागलंच नाही. त्याला आवडी दोनच : चित्रं काढणं आणि यंत्रं. घरात अशा मुलाची काळजी वाटणं साहजिक होतं. पण थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले, पैशाची सोय केली आणि लक्ष्मणराव मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

इथे पहिला धक्का बसला. त्यांना काही रंगांमधला फरकच नीट कळत नव्हता. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच ओळखता येऊ नयेत! आपल्यापैकी कुणी असता तर बॅग भरून गावाला परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पेन्सिल सोडली नाही. यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत. त्यात ते इतके तयार झाले की मुंबईतल्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक म्हणून लागले. म्हणजे आपलं व्हीजेटीआय. १८८७ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती, माटुंग्याला ती १९२३ मध्ये आली.

वर्गात ते ड्रॉइंग शिकवायचे आणि मोकळ्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं समजून घ्यायचे. कागदावर जो भाग काढायचा, तो प्रत्यक्ष कसा बनतो, कसा बसतो, कुठे झिजतो हे हात काळे करून बघायचं. पदवी नव्हतीच. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण झालं ते असं.

याच काळात मुंबईत सायकल दिसू लागली होती. भावांनी मिळून बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे, रामुअण्णा तिथे त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. सायकलची किंमत तेव्हा ७०० ते १००० रुपये आणि शिकवणीचे १५ रुपये! म्हणजे आज आपण लाख-दीड लाखाची रोड बाइक बघून तोंडात बोट घालतो, तशीच ती श्रीमंतांची चैन होती. बेळगावात त्या रस्त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

आता जरा त्या सायकलीचा विचार करा. पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेली जुनी सायकल मागे पडत होती. दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सेफ्टी सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आली होती. हवेचा टायर डनलॉपने काढला तो १८८८ सालीच. फ्रीव्हील अजून रुळलं नव्हतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडलही फिरत राहायचं. आणि हे सगळं बनायचं परदेशात. भारतात सायकल बनत नव्हती. एखादा कोन झिजला, स्पोक तुटला, चेन ढिली पडली तर नवीन भाग आगबोटीने येणार. मग दुरुस्ती करणाऱ्यापुढे मार्ग एकच. बिघाड नेमका कशात आहे हे आधी ओळखायचं आणि जमेल तर तो भाग इथेच घडवायचा. मला वाटतं, लक्ष्मणरावांच्या पुढच्या सगळ्या उद्योगाचं बी या दुकानात आहे.

हे वाटण्याचं कारण आमच्या हॉस्टेलच्या जिन्याखाली रोज दिसतं. सायकल घेऊन येणारा पहिलं वाक्य काय बोलतो? पार्ट बदलावा लागेल का रे, किती खर्च येईल? बिघाड काय आहे हे अजून कुणालाच माहीत नसतं, आणि स्वारी मनाने दुकानात पोचलेलीही असते!

रोड बाइकचे नेहमीचे बिघाड बघू. गिअर आपोआप सटकतात. नव्वद टक्के लोक ताबडतोब तार आवळायला लागतात. पण सायकल कधी उजव्या बाजूला पडली असेल तर मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, तो हँगर वाकलेला असतो. मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून बघितलं की पुष्कळदा लगेच दिसतं. तो सरळ केल्याशिवाय तार कितीही फिरवा, एक गिअर जमतो आणि दुसरा बिघडतो. हँगर सरळ असेल तर मग तारेचा ताण. ॲडजस्टर एका वेळी पाव फेराच फिरवायचा आणि परत बघायचं. तरी सटकतंय? चेन मोजा. नव्या चेनची २४ पिनांची लांबी बरोबर १२ इंच भरते. ती १/१६ इंचाने वाढली की चेन बदलायची. १/८ इंचापर्यंत वाढू दिली तर मागचे दात्रेही बहुधा गेलेले असतात, म्हणजे खर्च कितीतरी पट. मोजायला लागते फक्त एक स्टीलची पट्टी, जी आपल्या प्रत्येकाच्या ड्रॉइंगच्या सामानात पडलेली असते.

दुसरी तक्रार, चढावर येणारा कटकट आवाज. आरे कॉलनीच्या चढावर हा हमखास येतो. सगळ्यांचा संशय बॉटम ब्रॅकेटवर, कारण तो भाग महाग आणि आत लपलेला! पण आधी उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर दोष सीट किंवा सीटच्या दांड्यात. उभं राहूनही येत असेल तर पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावा, परत बसवा (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, व्हायव्हाला विचारतात!). निम्मे आवाज इथेच संपतात.

आता इलेक्ट्रॉनिक गिअर. शिमानोने ते २००९ साली बाजारात आणले. त्यात तार नाही, बटण दाबलं की डिरेलरमधली मोटर चेन हलवते. असली सायकल आमच्याकडे दुरुस्तीला आली की भोवती गर्दी जमते आणि प्रत्येकाला वाटतं, आता लॅपटॉप लावावा लागणार. पण रीत तीच. आधी बॅटरी. शिमानोच्या यंत्रणेत चार्ज कमी झाला की पुढचा डिरेलर आधी थांबतो आणि मागचा नंतर. त्यामुळे पुढचा एकटाच बंद पडला तर तो जळाला म्हणून घाबरायचं नाही, आधी चार्ज करून बघायचं. स्रॅमच्या बिनतारी गिअरमध्ये दोन्ही डिरेलरना सारखीच बॅटरी असते. एक चालत नसेल तर बॅटऱ्यांची अदलाबदल करा. बिघाड बॅटरीबरोबर सरकला तर बॅटरी दोषी, जागेवरच राहिला तर डिरेलर किंवा बटण. बटणाच्या आत वेगळा छोटा सेल असतो, तोही विसरू नका. सायकल आपटल्यावर शिमानोचा मागचा डिरेलर स्वतःला वाचवण्यासाठी मोटरपासून सुटतो आणि गिअर बदलत नाही. रीसेट केलं की पुष्कळदा परत चालतो. जोडण्या असतील तर मुंबईच्या पावसाळ्यानंतर त्या उघडून कोरड्या करायच्या. हे सगळं ठीक असूनही गिअर सटकत असेल तर परत पहिल्या पानावर, कारण हँगर वाकलाय हे मोटरला कळत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सोपं आणि स्वस्त आधी तपासायचं, आणि उघडण्याआधी विचार करायचा. याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

परत लक्ष्मणरावांकडे येऊ. संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. सुरक्षित पगार गेला. हातात काय होतं? ड्रॉइंग, वर्कशॉपमध्ये शिकलेली कला आणि एक सायकलचं दुकान. त्या बळावर त्यांनी छोटा कारखाना थाटला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

योगायोग बघा. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ च्या डिसेंबरमध्ये विमान उडवलं. इकडे आपले दोन भाऊ, सायकलच्याच दुकानातून, त्याच सुमारास नांगरापर्यंत पोचले. विमानाचं कौतुक जगाने केलं. नांगराचं काय झालं? पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. हा बिघाड यंत्रातला नव्हता, त्यामुळे पान्याने सुटणारा नव्हता. लक्ष्मणराव चिकटून राहिले, हळूहळू शेतकऱ्यांना अनुभव आला आणि मागणी वाढली.

जरा बरे दिवस येताहेत तोच १९१० साली बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते. चित्रं सोडून यंत्रांकडे वळलेल्या या माणसाची किंमत त्यांना कळली असावी. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन त्यांनी दिली, कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नाग! १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या त्या स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे.

तिथे जमलेली माणसं बघितली तर आजच्या कुठल्याही कंपनीचा एचआर विभाग चक्कर येऊन पडेल. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. शंभुराव जांभेकर यंत्रांचे जाणकार म्हणून नावारूपाला आले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना वसाहतीचे पहारेकरी नेमलं. अस्पृश्यतेला वाडीत जागा नव्हती. यंत्र असो की माणूस, टाकून देण्याआधी ते चालतं का हे लक्ष्मणराव बघत असत, असं मला यातून दिसतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या निकामी तोफा त्यांना दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. पुढे १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप अशी यादी वाढत गेली. मुलगा शंतनुराव १९२२ साली अमेरिकेला एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेला. पदवी नसलेल्या बापाने मुलाला पदवीसाठी साता समुद्रापार पाठवलं, यावरून शिक्षणाला त्यांनी कमी लेखलं नव्हतं हेही लक्षात येईल. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट काढलं.

मित्रांनो, हे सगळं लिहिण्याचं कारण सांगतो. आपल्याकडे वर्कशॉप म्हणजे सिनिअरकडून आणलेला जॉब आणि ड्रॉइंग म्हणजे काचेखाली दिवा लावून केलेली कॉपी. दोन्ही पास होण्यापुरते विषय. कॅम्पसला तर कोडिंगच विचारतात, मग हात कशाला काळे करायचे, असं आपण सहज बोलतो. कोडिंग जरूर करा, मीही करतो. पण ज्याला वाकलेला हँगर डोळ्याने ओळखता येत नाही, त्याने गिअरच्या मोटरचा प्रोग्राम लिहिला तरी सायकल सटकतच राहणार. आणि प्रोग्राममधली चूक शोधतानाही एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते, हे आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना मी वेगळं सांगायला नको.

लक्ष्मणरावांकडे ना रंग ओळखणारी नजर होती, ना पदवी, ना भांडवल. दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं खोलून, समजून घेऊन ते स्वतः बनवणारे झाले. आपल्यालाही सुरुवात तिथूनच करता येते. मुलुंड असो, अंधेरी असो की बोरिवली, कुठल्याही हॉस्टेलच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या दोन-चार सायकली असतातच. या रविवारी त्यातली एक बाहेर काढा. सामान म्हणून एक पाना, ॲलन कीचा सेट, ग्रीस आणि ती स्टीलची पट्टी पुरे. नवीन पार्ट आणायला मात्र आधी दुकानात पळू नका; बिघाड कुठे आहे ते कागदावर पेन्सिलने काढा, आणि मगच पाना उचला.