डॉ. हार्वे कुशिंग : शल्यविद्या आणि संघभाव

आधुनिक मेंदू-शल्यविद्येचे जनक डॉ. हार्वे कुशिंग यांचा जन्म १८६९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला. हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांनी ईथरची भूल दिलेला एक रुग्ण दगावला. त्या आघाताने वैद्यक सोडून देण्याचा विचारही त्यांच्या मनात आला. तथापि, सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी भूल देताना रुग्णाच्या नाडीची व श्वसनाची नोंद ठेवणारा तक्ता सिद्ध केला. अपयश न झाकता त्याची नोंद ठेवण्याचे हे व्रत त्यांनी आजन्म पाळले.

त्या काळी मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे वैद्य मोजकेच होते आणि प्रत्येकजण एकाकी होता. १९२० मध्ये कुशिंग यांनी बोस्टन येथे अशा शल्यविशारदांची संस्था स्थापन केली व तिचे पहिले अध्यक्षपद भूषविले. परस्परांचे काम प्रत्यक्ष पाहावे, फसलेल्या शस्त्रक्रियांचीही मोकळेपणी चर्चा करावी, हा तिचा हेतू होता. तिचे सभासदत्व मर्यादित असल्याने १९३१ मध्ये तरुण शल्यविशारदांनी स्वतंत्र मंडळ काढले आणि त्यांच्या संमतीने त्यास कुशिंग यांचेच नाव दिले. पुढे १९४४ मध्ये या मंडळाने नियतकालिकही सुरू केले. दूरच्या गावी एकट्याने काम करणाऱ्यासही त्यामुळे इतरांच्या अनुभवाचा आधार मिळाला.

१९३९ मध्ये कुशिंग निवर्तले. आपला बहुमोल ग्रंथसंग्रह त्यांनी येल विद्यापीठास अर्पण केला. ज्ञान एकट्याजवळ राहू नये, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.