चरित्र : क्रिकेटपटू बाळू पालवणकर

मुळशी तालुक्यातील जांबे गावी आम्ही गेलो असता, कापणी झालेल्या शेतात मुले क्रिकेट खेळत होती व वडील माणसे बांधावर बसून ते कौतुकाने पाहत होती. हा खेळ मूळचा इंग्लंडचा. उन्हाळ्यात तेथील लोक दाम मोजून तो पाहावयास जातात. त्याच देशी जाऊन ज्यांनी नाव मिळविले, त्या आपल्या पुण्यात वाढलेल्या एका गृहस्थाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे कोकणातील पालवण गावचे, जातीने चर्मकार. पुण्यास पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडावयाचे व रोलर ओढावयाचा, ह्या कामाबद्दल बाळूंस दरमहा ३ रुपये मिळत. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर लागले. तेथे ग्रेग नावाच्या साहेबास सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी अशी तयार झाली की, भल्याभल्यांस ती खेळता येईना.

तेव्हा पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांस संघात घेतले. परंतु कसे घेतले? बाळूंनी हाताळलेला चेंडू सोबती खुशाल हाती घेत. मात्र चहाची वेळ झाली म्हणजे सोबत्यांस आत चिनी मातीचे पेले, आणि बाळूंस बाहेर, वापरून फेकून द्यावयाचे मातीचे भांडे! जेवणाचे पानही निराळे. हा अपमान सोसून त्यांनी आपले काम चोख केले.

पुढे ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ बहुतेक सामने हरला. तथापि बाळूंनी एकट्याने ११४ गडी बाद केले. त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते.

इतके करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस कधी रीतसर मिळाले नाही. १९२० साली बाळूंस वगळले, तेव्हा त्यांचे भाऊ निषेध करून संघातून बाहेर पडले. मग बाळूंस परत बोलावून उपकप्तान नेमिले. शेवटी १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या हाताखाली संघ विजयी झाला. बाळू १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, व १९५५ साली मुंबईत निवर्तले.

वाचकहो, त्या क्लबास बाळूंचे गुण हवे होते, पंगत नको होती. हे वाचून त्या लोकांस दोष देणे सोपे आहे. पण आपल्या मंडळ्यांकडे पाहावे. प्रभूच्या मेजाशी आपण एकत्र येतो. परंतु पूर्वीच्या निराळ्या जातीतून आलेला बंधू घरी आला, म्हणजे त्याच्यापुढे कोणता पेला ठेवितो? उपदेशक बंधूंनी हा प्रश्न प्रथम आपल्या घरी विचारावा, मग मंडळीत.