पावसासाठी हात पसरणारा सुलतान. अष्टूरच्या अहमदशहा वलीपुढं आजही फुटतात नारळ

बिदर शहराच्या पूर्वेला साधारण तीन किलोमीटरवर अष्टूर गाव आहे. तिथं बहमनी सुलतानांच्या कबरींवरचे घुमट ओळीनं उभे आहेत. बाकीचे घुमट लोक बघायला जातात, अहमदशहा वलीच्या घुमटात मात्र माथा टेकतात.

त्याला गादी सुखासुखी मिळाली नाही. गुलबर्ग्याच्या तख्तावर थोरला भाऊ फिरोजशहा होता आणि त्याला आपला पोरगा पुढं आणायचा होता. जिवावर बेतलं तसा अहमद शहरातून निसटला. सोबत माणसं तोकडी. जुना इतिहासकार फरिश्ता सांगतो की, बंजारा व्यापाऱ्यांचे बैल गोळा केले, त्यांच्यावर झेंडे घेतलेली माणसं बसवली आणि लांबून मोठी फौज आल्याचा देखावा केला. बैलांनी काम केलं! १४२२ साली अहमद सुलतान झाला.

तो काही साधू नव्हता. विजयनगरच्या मुलखात त्याच्या फौजेनं मोठी कत्तल केली, हे झाकून चालणार नाही. वरंगळ घेतलं, माहूरवर चाल केली. मेळघाटातला गाविलगडही त्यानंच बांधला, असं फरिश्ता लिहितो. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली तीही त्यानंच.

मग वली कसा झाला? त्याच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला. सुलतान स्वतः उंचवट्यावर गेला, हात पसरून पाऊस मागितला आणि ढग भरून आले, अशी कथा आहे. तेव्हापासून लोक त्याला वली, म्हणजे देवाच्या जवळचा माणूस म्हणू लागले.

१४३६ साली तो वारला. बाहेरून घुमट साधा, दणकट. आत मात्र भिंतीपासून वरपर्यंत सोनेरी, शेंदरी, निळी वेलबुट्टी आणि अक्षरं. इराणातले सूफी संत शाह नियामतुल्ला यांच्यावर त्याची श्रद्धा होती, ती या अक्षरांतही दिसते. शेजारी त्याचा नातू हुमायून, ज्याला लोक जालिम म्हणत, त्याचा घुमट अर्धा कोसळलेला आहे. शेवटच्या सुलतानांच्या कबरी तर अगदीच लहान, सत्ता संपत आली होती.

लिंगायत भाविक अहमदशहाला अल्लमप्रभू मानतात. होळीच्या सुमारास, हिंदू पंचांगाप्रमाणे उरूस भरतो. कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम येतो, शंख वाजतो, कबरीपाशी नारळ फुटतात. आत उजेड कमी आहे. गेलात तर डोळे सरावेपर्यंत थांबा, मगच वर बघा.