लंडनच्या बागांतील पक्षिमित्र

विल्यम हेन्री हड्सन यांचा जन्म १८४१ सालीं अर्जेंटिनांतील विस्तीर्ण कुरणांच्या प्रदेशांत झाला. १८७४ सालीं ते इंग्लंडांत आले व लंडनवासी झाले. तेथें दारिद्र्यानें त्यांची पाठ धरली. घरांत भाडेकरू ठेवून पत्नी कसाबसा संसार चालवी. रानाला मुकलेल्या त्यांच्या डोळ्यांना शहरांतील बागांचाच काय तो आधार होता.

१८८० सालीं केन्सिंग्टन गार्डन्समधील शेंकडों जुने वृक्ष तोडण्यांत आले आणि रूक नांवाच्या काकजातीच्या पक्ष्यांनीं तेथील आपली वसाहत सोडली. कावळेच ते, गेले तर काय बिघडलें, असें प्रथम आम्हांसही वाटलें. परंतु १८९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बर्ड्स इन लंडन’ या ग्रंथांत हड्सन यांनीं कोणत्या बागेंत कोणता पक्षी राहिला व कोणता नाहींसा झाला याचा जो हिशेब मांडला आहे, तो पाहून आमचें मत पालटलें. बागांतील पक्ष्यांवर टपणाऱ्या मांजरांनाही त्यांनीं एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे!

१९२२ सालीं ते निवर्तले. १९२५ सालीं हाइड पार्कांत त्यांच्या स्मरणार्थ पक्ष्यांसाठीं आश्रयस्थान झालें. तेथील एप्स्टाइनकृत शिल्प कित्येकांस इतकें खटकलें कीं त्यावर रंग फांसण्यांत आला. शिल्पापुढें पाणी आहे; तें पक्ष्यांकरितां.