अनुताई वाघ

अनुताई वाघ (जन्म : मोरगाव, पुणे जिल्हा, १७ मार्च १९१०, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९२) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ, शिक्षिका, लेखिका आणि समाजसेविका होत्या. ताराबाई मोडक यांच्या सहकारी म्हणून त्यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालवाडी, पाळणाघर, अंगणवाडी आणि कुरणशाळा यांचे प्रयोग केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, हे या कार्याचे मुख्य सूत्र होते. १९८५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

बालपण आणि शिक्षण

अनुताईंचे जन्मगाव मोरगाव हे बारामती तालुक्यात कऱ्हा नदीकाठी असून अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. मोरया गोसावी यांच्या परंपरेमुळे या गावाचे चिंचवडशी जुने नाते आहे.

त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. बालविधवेच्या वाट्याला त्या काळी बहुधा घरकाम, व्रतवैकल्ये आणि परावलंबन एवढेच येत असे. अनुताईंचे शिक्षण मात्र थांबले नाही. १९२५ मध्ये त्या व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. प्राथमिक शाळेत नोकरी मिळण्यासाठी त्या वेळी ही परीक्षा महत्त्वाची मानली जात असे. त्यानंतर पुण्यातील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात शिकून १९२९ मध्ये त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण केले. स्त्रीला घराबाहेर सन्मानाने करता येतील अशा मोजक्या व्यवसायांत शिक्षिकेचा व्यवसाय होता, आणि विधवा स्त्रियांसाठी तर तो स्वावलंबनाचा जवळजवळ एकमेव मार्ग होता.

शिक्षिकेची पहिली वर्षे

अनुताईंनी अध्यापनास नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात सुरुवात केली. तेथे सुमारे चार वर्षे काम केल्यानंतर १९३३ मध्ये त्या पुण्यातील हुजूरपागा शाळेत रुजू झाल्या. दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत विद्यार्थिनी म्हणून बसायचे, असा क्रम ठेवून १९३७ मध्ये त्या मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. शिकण्याची ही सवय त्यांनी पुढेही सोडली नाही. आदिवासी भागात पूर्ण वेळ काम करीत असतानाच १९६१ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, त्यांनी बी.ए. ही पदवी मिळविली.

हुजूरपागेतील नोकरी स्थिर आणि प्रतिष्ठेची होती. असे असताना ती सोडून खेड्यात जाण्याचा निर्णय त्यांनी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी घेतला. १९४४ मध्ये कस्तुरबा गांधी यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ जमविलेल्या निधीतून ग्रामीण स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करणाऱ्या सेविका तयार करण्याचा कार्यक्रम आखला गेला. त्याअंतर्गत बोरिवली येथे भरलेल्या शिबिरास अनुताई गेल्या असता त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली.

ताराबाई मोडक आणि बोर्डी

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या तोपर्यंत बालशिक्षणातील जाणत्या कार्यकर्त्या म्हणून ओळखल्या जात होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अभ्यास व वापर केला होता. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या त्या प्रमुख होत्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले होते. माँटेसरी शाळा शहरातील सुस्थित कुटुंबांपुरत्या राहिल्या आहेत, ही जाणीव त्यांना होती. खेड्यातील गरीब मुलाला परवडेल आणि मानवेल असे बालशिक्षण उभारण्यासाठी त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी हे समुद्रकाठचे गाव निवडले. तेथे आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे अनुकूल वातावरण होते. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि अनुताई ताराबाईंच्या हाताखाली तेथे काम करू लागल्या.

बालवाडीत मुलेच येत नाहीत, ही पहिली अडचण होती. विशेषतः दलित वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीपर्यंत पोहोचत नसत. घरची मोठी माणसे दिवस उजाडताच मजुरीला जात, त्यामुळे मुलांना आंघोळ घालून, केस विंचरून, वेळेवर शाळेत आणून सोडण्यास घरी कोणी नसे. जातिभेदाचा अडसर त्याहून मोठा होता. यावर उपाय म्हणून शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. तेथील एखाद्या अंगणात मुलांना जमवून त्यांचे हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे येथपासून दिवसाची सुरुवात होई. मग गाणी, गोष्टी, खेळ आणि इंद्रियशिक्षणाचे उद्योग चालत. अंगणात भरणाऱ्या या बालवाडीला अंगणवाडी असे नाव मिळाले.

स्वच्छतेची ही कामे अनुताईंनी शिक्षिकेच्या कामाचाच भाग मानली. लहान मुलाचे शरीर आणि भाषा, खाणे आणि शिकणे यांची वेगवेगळी खाती पाडता येत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. शिकविण्याच्या साधनांबाबतही त्यांची दृष्टी अशीच व्यावहारिक होती. माँटेसरीची लाकडी साधने महाग असल्याने खेड्यात ती आणणे शक्य नव्हते. त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या आणि माती यांचा उपयोग करण्यात आला. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, कमी-जास्त हे भेद मुलाला या वस्तूंतून हाताळून कळत. साधन स्वस्त असले तरी त्यामागचा क्रम शास्त्रीय असला पाहिजे, यावर ताराबाई व अनुताई या दोघींचा कटाक्ष होता.

कोसबाड आणि विकासवाडी

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर नेण्यात आले. डहाणू तालुक्याचा हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथील वस्ती प्रामुख्याने वारली आदिवासींची. जमीनदार व सावकार यांच्याकडील वेठबिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पत्करावी लागणारी लग्नगड्याची गुलामगिरी यांविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी मोठा लढा दिला होता. या समाजात शाळेविषयी विश्वास निर्माण होण्यास वेळ लागणे स्वाभाविक होते.

मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना कारणे कुटुंबाच्या रोजच्या कामात सापडली. सहा-सात वर्षांची मुलगी आईच्या मागे तान्ह्या भावंडाला सांभाळत असे. तिच्याहून थोडा मोठा मुलगा गुरे राखत असे. थोराड मुले आईबापांबरोबर मजुरीला जात. मुलाच्या श्रमावर घराची घडी बसलेली असताना केवळ आग्रह करून हजेरी वाढणे शक्य नव्हते.

यातून विकासवाडीची कल्पना आकारास आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच आवारात एकत्र आणण्यात आल्या. तान्ह्या मुलाची सोय पाळणाघरात झाली, की त्याला सांभाळणारी बहीण शेजारच्या वर्गात बसू शकत असे आणि भावंड नजरेच्या टप्प्यात असल्याने तिला घोर नसे. बालवाडीत रुळलेले मूल त्याच आवारातील पहिलीत जाताना बुजत नसे. अशा रीतीने शाळेतील गळतीचे दोन मोठे टप्पे एका व्यवस्थेने सावरले गेले.

गुराख्यांसाठी कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत असताना शिक्षकाने कुरणात जायचे आणि झाडाच्या सावलीत मुलांना शिकवायचे, असे तिचे स्वरूप होते. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालविण्यात आले. प्रत्येक प्रयोगात शाळेची वेळ, जागा आणि साधने मुलाच्या दिनक्रमाप्रमाणे ठरविली जात. शाळेच्या घंटेप्रमाणे मुलाचे आयुष्य बदलावे ही अपेक्षा बाजूला ठेवणे, हा या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता.

वारली मुलाची घरची बोली आणि शाळेची प्रमाण मराठी यांत बरेच अंतर असे. नव्या मुलाला शिक्षिकेचे बोलणे कळत नाही आणि शिक्षिकेला मुलाचे, अशा वेळी गाणी, नाच, चित्रे आणि हाताने करावयाचे उद्योग हे परस्परांत संवाद सुरू करण्याचे पहिले मार्ग ठरत.

ताराबाईंनंतर

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई मोडक यांचे निधन झाले. जवळजवळ २८ वर्षे त्यांच्या सहकारी म्हणून काम केलेल्या अनुताईंवर संस्थेची मुख्य जबाबदारी आली. प्रयोगांचे सातत्य राखणे, बालवाडी शिक्षिकांचे प्रशिक्षण, संस्थेसाठी निधी जमविणे आणि लेखन या आघाड्या त्यांनी सांभाळल्या. वयाच्या सत्तरीनंतरही त्यांनी नवी कामे हाती घेतली. १९८२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. डहाणू तालुक्यातील दाभोण येथे या संस्थेने आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम पुढे नेले.

लेखन

अनुताईंचे लेखन प्रामुख्याने शिक्षिकांसाठी आहे. ‘बालवाडी कशी चालवावी’ हे पुस्तक गावातील फारसे न शिकलेल्या सेविकेलाही वापरता यावे अशा सोप्या भाषेत लिहिलेले आहे. ‘कुरणशाळा’ या पुस्तकात त्या प्रयोगाची माहिती आहे. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन मराठीतील शिक्षणविषयक आत्मपर लेखनात महत्त्वाचे मानले जाते. बालशिक्षणाला वाहिलेल्या शिक्षणपत्रिका या मासिकाच्या संपादनाची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. याशिवाय मुलांसाठी गाणी व गोष्टी असे लेखनही त्यांनी केले.

पुरस्कार

पद्मश्री (१९८५) आणि महिला व बालकल्याणाच्या कार्यासाठी जमनालाल बजाज पुरस्कार (१९८५) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. ताराबाई मोडक यांना १९६२ मध्ये पद्मभूषण देण्यात आले होते. त्यामुळे एकाच टेकडीवर चाललेल्या बालशिक्षणाच्या कार्याला दोन पद्मसन्मान लाभले.

वारसा

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. बोर्डीच्या अंगणात सुरू झालेल्या कल्पनेचा हा देशव्यापी विस्तार असला, तरी दोहोंत फरक आहे. बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगात शिक्षण केंद्रस्थानी होते आणि स्वच्छता व आरोग्य त्याला जोडून येत. सरकारी योजनेत आहारवाटप, वजनाच्या नोंदी आणि विविध नोंदवह्या यांत सेविकेचा बराच वेळ जातो व शिकविण्याकडे दुर्लक्ष होते, अशी टीका शिक्षणक्षेत्रातून सातत्याने होत आली आहे.

शिक्षिकेच्या दर्जाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. अनुताईंच्या दृष्टीने लहान मुलांना शिकविणे हे प्रशिक्षण, निरीक्षण आणि चिंतन यांची मागणी करणारे काम होते. योजनेतील अंगणवाडी सेविकेला मात्र वेतनाऐवजी मानधन दिले जाते. सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरण्यात आला आहे. पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पहिली-दुसरीचे वर्ग यांतील भिंत काढण्याचा हा विचार विकासवाडीच्या रचनेशी जुळणारा आहे.

अनुताईंच्या जन्मजिल्ह्याचे रूप त्यांच्या हयातीतच पालटू लागले होते. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि कामासाठी महाराष्ट्राच्या अन्य भागांतून व परप्रांतांतून कुटुंबे येऊन राहिली. बांधकामाच्या जागी पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांच्या घरात आई-वडील कामावर असताना थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, काम संपले की कुटुंब नव्या जागी हलते आणि शाळा मागे राहते. कोसबाडला दिसलेला पेच येथे शहरी रूपात दिसतो. अशा मुलांसाठी मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर पुणे परिसरात विस्तारलेल्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेच्या कामात, तसेच ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळांतही, शाळेने मुलाजवळ जाण्याचे तेच सूत्र आढळते.