नांगर विकायला लागलेली दोन वर्षं

कॅम्पसचे दिवस आले की आपल्या हॉस्टेलवर दुसरा विषयच नसतो. या वर्षी एका कंपनीने आमच्या मेकॅनिकलच्या सिनियर्ससाठी सेल्स इंजिनिअरच्या जागा काढल्या, तेव्हा मेसमध्ये केवढा हशा पिकला होता! चार वर्षं थर्मोडायनॅमिक्सशी झटापट करायची आणि शेवटी बॅग अडकवून दारोदार फिरायचं? विकणं म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं, हे आपण सगळ्यांनी गृहीतच धरलंय. त्या दिवशी मीही हसले. पण नंतर मात्र मला आमच्या घरचं यंत्र आठवलं.

मी राधानगरी तालुक्यातली. शाळा मात्र कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीतल्या चुका सांभाळून घ्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या काकांनी पॉवर वीडर घ्यायचं ठरवलं. ब्रोशर चकचकीत, पण सगळं इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारी आणि वर इंजिनिअरिंगला असलेली मी एकटीच. मी मोठ्या तोऱ्यात हॉर्सपॉवर, पात्यांची रुंदी, तासाला किती काम होतं ते वाचून दाखवलं आणि घ्या म्हणून सांगितलं. काकांनी घेतलं. यंत्र परदेशी बनावटीचं, सपाट मोठ्या शेतासाठी केलेलं. आमचं रान डोंगरउताराचं, पायऱ्या-पायऱ्यांचं, एकेक वाफा खोलीएवढा. प्रत्येक बांधावर ते शंभरेक किलोचं धूड चार माणसांनी उचलायचं! वजन ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं. विकणाऱ्याने आमचं शेत कसं आहे ते विचारलं नाही, आणि ज्या पोरीला ते शेत माहीत होतं तिनेही विचार केला नाही. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर कुठलाही कागद त्यांनी मला वाचायला दिला नाही.

हे सगळं मनात असतानाच लायब्ररीत लक्ष्मणराव किर्लोस्करांवरची माहिती हाती आली. किर्लोस्कर हे नाव आपल्याला मोटारीवर, पंपावर वाचून माहीत असतं. पण या माणसाने आयुष्यभर जे केलं ते मला माझ्या प्रश्नाचं उत्तर वाटलं, म्हणून हा लेख.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात पुस्तकं आणि पोथ्या. या मुलाचं लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. थोरले भाऊ रामूअण्णांच्या पाठिंब्याने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने सगळं संपलंच! पण रेषेला रंग लागत नाही. ते यांत्रिक ड्रॉईंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले.

1888 साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मुंबईत सायकल नावाची नवलाई लक्ष्मणरावांनी पाहिली होती. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. आता विचार करा, ज्या गावात कोणाला सायकल चालवता येत नाही तिथे सायकल कोण घेणार? म्हणून रामूअण्णा सायकल शिकवायचेही, पंधरा रुपये फी घेऊन. आपल्याला ही नुसती जोडकमाई वाटेल. पण गिऱ्हाइकाची खरी अडचण किंमत एवढीच नव्हती, पडण्याची भीतीही होती. त्या भीतीवरचा उपाय त्याच दुकानात मिळत होता. सायकल कितीही उत्तम आहे म्हणून सांगितलं असतं, तरी पडायची भीती गेली नसती. ते दुकान होतं त्या रस्त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

इन्स्टिट्यूटमध्ये हक्काची बढती लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलींचा धंदा होताच, पण त्यांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं. आधी त्यांनी कडबा कापायची यंत्रं केली. मग 1903 च्या सुमाराला लोखंडी नांगर तयार केला.

इथून खरी गोष्ट सुरू होते. लाकडी नांगर जमीन उकरतो आणि दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी राहते. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा मातीची कड उचलून उलटी करतो, त्यामुळे खालची माती वर येते आणि हरळीची मुळं उघडी पडतात. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर वादच नाही. पण शेतकऱ्यांनी नांगर घेतला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली!

आपण असतो तर काय म्हणालो असतो? लोक अडाणी आहेत, असं म्हणून मोकळे झालो असतो. मलाही आधी तसंच वाटलं. पण नंतर काकांचा विचार केला. शेतकऱ्याकडे जमीन एकच असते. प्रयोग फसला तर विकणाऱ्याचा एक नांगर परत येईल, पण शेतकऱ्याचं वर्ष जाईल. आणि जमीन नासत नाही हे कुठल्याही भाषणाने सिद्ध होणार नव्हतं. ते सिद्ध व्हायचं तर कुणाच्या तरी शेतात नांगर चालायला हवा, पेरणी व्हायला हवी, पाऊस पडायला हवा, पीक डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणजे हा विश्वास बसायला किती वेळ लागणार ते विकणारा ठरवत नव्हता, पीक ठरवत होतं! मला त्या दोन वर्षांचा हाच अर्थ लागला. लक्ष्मणरावांचं मोठेपण हे की तेवढा काळ माल पडून असताना त्यांनी नांगर सोडला नाही.

नांगर रुळतोय तोवर दुसरं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी होती. उठायचं कुठे? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना औंधमध्ये नाट्यगृह बांधायचं काम दिलं होतं. आता त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर माळजमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि साप! 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. रामूअण्णा, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसं बरोबर उभी राहिली. पुढे त्या स्टेशनचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं.

वाडीतली एक गोष्ट मला फार आवडली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्यापासून गाव दार लावून घेत होतं, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण! वाडीत त्यांनी अस्पृश्यताही पाळू दिली नाही. आपण गिऱ्हाइकाकडून विश्वास मागतो, पण आधी स्वतः कोणावर तरी टाकायची तयारी ठेवतो का? लक्ष्मणरावांनी आधी तो टाकून दाखवला.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि लोखंड मिळेनासं झालं. इथे गोष्ट आमच्या कोल्हापूरला येऊन मिळते. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले! याच राजाने भोगावतीवर धरण बांधायला काढलं होतं आणि तिथल्या नव्या गावाला आपल्या मुलीच्या नावावरून राधानगरी नाव दिलं होतं. धरणाचं कामसुद्धा त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. 1922 साली महाराज गेले आणि धरण त्यानंतर कितीतरी वर्षांनी पूर्ण झालं. आज त्या पाण्यावर ऊस उभा आहे, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण सुरुवातीला तोही एक मोठा शब्दच होता, आणि तो खरा व्हायला नांगरापेक्षा कितीतरी जास्त काळ जावा लागला.

1920 साली वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर. सुरुवातीला हे कारखान्याचं माहितीपत्र होतं. पण नुसती आपल्याच मालाची स्तुती कोण वाचणार? हळूहळू त्यात गोष्टी आल्या, व्यंगचित्रं आली, शेती, उद्योग आणि समाजसुधारणेवरचे लेख आले. ते पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' ही भावंडंही आली. आमच्या आजीच्या पेटीत 'स्त्री'चे जुने अंक आहेत. आजीने आयुष्यात कधी नांगर विकत घेतला नाही, पण किर्लोस्कर हे नाव तिला घरातलं वाटतं. जाहिरातीच्या कागदाने वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही दिलं, तर लोक तो जपून ठेवतात! आपल्या वहीत फुकट मिळालेली किती ब्रोशरं टिकतात?

नांगरानंतर वाडीत उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप असं बरंच काही तयार झालं. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून शिकून आले आणि त्यांनी पुढे उद्योग खूप वाढवला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. रंग न ओळखणाऱ्या या ड्रॉईंग मास्तरांनी लावलेली वाडी आजही सांगली जिल्ह्यात पंप बनवते.

आता पुन्हा आमच्या यंत्राकडे येते. ते अजून गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. या दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन आमच्या बांधांची उंची मोजली. आम्ही तीन मैत्रिणी मिळून प्रोजेक्टसाठी घडीचा हलका उतार बनवतोय. यंत्र त्यावरून एका माणसाला ढकलत बांधापलीकडे नेता आलं पाहिजे. गेल्या वेळी जे मोजलं नाही ते या वेळी आधी मोजलंय, एवढाच फरक. काकांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नाही. खुरपणीला तो उतार बांधावर ठेवायचा आणि बाजूला उभं राहायचं, असं ठरवलंय. त्यांना पटलं तर ते स्वतःच यंत्र बाहेर काढतील. नाही पटलं तर पुढच्या खुरपणीला पुन्हा!

मित्रांनो, पुढच्या वर्षी आमचं कॅम्पस आहे. सेल्सची जागा निघाली तर मी नाव देणार आहे. मेसमध्ये खुशाल हसा! पण ज्याला वस्तू विकायची त्याचं शेत आधी पाहून येईन, आणि शेवटचं पान सगळ्यात आधी वाचून दाखवीन.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)