हजारात सात

शाळेत असताना समस्थानिक हा शब्द मी केवळ गुणांसाठी पाठ केला होता. अणुअंक समान, अणुवस्तुमानांक भिन्न, एवढे लिहिले की झाले. हा शब्द एखाद्या माणसाच्या उभ्या आयुष्याचा प्रश्न असू शकतो, हे मला डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र वाचताना कळले. ते पुस्तकही मी भलत्याच कारणाने हाती घेतले. बारावीपर्यंत मी शास्त्र शाखेला होतो. बाबांनी सोयाबीन विकून शिकवणीची फी भरली होती. मी काठावर पास झालो आणि मेहकरला बी.ए.ला नाव घातले. तेव्हापासून बाबा माझ्याशी शिक्षणाचा विषयच काढीत नसत. वडिलांचा शब्द मोडून कोणाचे भले झाले आहे काय, हे मला पाहायचे होते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईच्या सधन पारशी घराण्यातला. टाटा हे त्यांचे आप्त. मुलाने केंब्रिजला यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरची इच्छा. १९२७ साली होमी तिकडे गेले आणि १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना कळवले, की मला पदार्थविज्ञानच करायचे आहे. वडिलांनी अट घातली. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च मी करीन. १९३० मध्ये होमींनी तो मिळवून दाखवला. इथे मी पुस्तक मिटले. त्यांच्याजवळ पैसा होता हे खरे, पण त्यांनी अट पुरी केली होती. मी कुठे केली?

दोन दिवसांनी पुन्हा उघडले. विश्वकिरणांवरील संशोधनाने त्यांचे नाव झाले. १९३९ मध्ये ते सुट्टीवर मायदेशी आले, तोच महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४४ च्या मार्चमध्ये, म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडण्यापूर्वी, त्यांनी टाटा विश्वस्त निधीला संशोधन संस्थेसाठी पत्र लिहिले. १९४५ मध्ये संस्था सुरू झाली.

आता तो समस्थानिक. अणुकेंद्रात प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्याचे नाव ठरते. न्यूट्रॉन कमीजास्त झाले तर नाव तेच राहते, वजन तेवढे बदलते. युरेनिअमच्या प्रत्येक अणूत प्रोटॉन ९२ च. पण बहुतेकांत न्यूट्रॉन १४६ आणि थोड्यांत १४३. रासायनिक गुणधर्मांत दोघे जवळजवळ सारखे; अणुभट्टीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. मंद न्यूट्रॉनने सहज फुटतो तो युरेनिअम-२३५, आणि निसर्गात हजार अणूंमागे तो जेमतेम सात! त्यातही आपल्या देशात युरेनिअम बेताचे. थोरिअम मात्र केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत भरपूर. ते स्वतः पेटत नाही. पण त्याच्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला, की पुढे त्याचे युरेनिअम-२३३ होते आणि ते फुटते. म्हणून भाभांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. प्रथम नैसर्गिक युरेनिअम, मग त्यातून निघालेले प्लुटोनिअम आणि शेवटी थोरिअम. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा ही भट्टी सुरू झाली. तिचे इंधन मात्र ब्रिटनहून आणावे लागले. थोरिअमवर मोठ्या प्रमाणात वीज अजूनही निघत नाही.

भाभा उत्तम चित्रे काढीत, रामन यांचे रेखाचित्रही त्यांनी काढले होते. पाश्चात्त्य संगीताचे त्यांना वेड होते. आपल्या कला शाखेच्या मित्रांना हे मी मुद्दाम सांगतो.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान आदळून ते गेले. वय अवघे ५६. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना हे सारे सांगितले. हजारात सातच दाणे उगवणारे बियाणे आपण तर दुकानदाराच्या अंगावर फेकले असते, असे ते म्हणाले. मग थोडे थांबून, न उगवणारे बी उगवते कसे होते, ते त्यांनी पुन्हा विचारले. मी अंगणात काडीने गोल काढून दाखवू लागलो.